हलकं नको

आमच्या होडीचं इंजिन बंद पडलं तेव्हा मी धक्क्यावरून बायकोला फोन केला आणि म्हणालो, "इंजिन गेलं." इथूनच सगळ्याला सुरुवात झाली. धक्क्यावर येता येता तिने शेजाऱ्यांना सांगितलं की आमचं इंजिन चोरीला गेलं, आणि शेजाऱ्यांनी ते गल्लीला सांगितलं. संध्याकाळी चारपाच जण दारात येऊन पोलिसांत दिलं का म्हणून विचारून गेले. इंजिन जागच्या जागी आहे, फक्त त्याच्यातला जीव गेलाय, असं सांगितल्यावर प्रत्येकाचा चेहरा उतरला. चोरीत जी गंमत असते ती मरणात नसते. एकाने तर "मग तसं नीट सांगायचं ना" म्हणून मलाच सुनावलं.

होडी म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांपुढे भलतंच काही येऊ नये म्हणून आधीच सांगून टाकतो. तीन माणसं बसली की चौथ्याने काठावरून हात हलवायचा, एवढीच आमची होडी. तिच्या मागच्या फळीला बाहेरून इंजिन अडकवलेलं असतं. त्याची दोरी ओढली की ते सुरू व्हायचं, म्हणजे होता होता व्हायचं. होडी माझी नव्हे, सासऱ्यांची. सासूबाई गेल्यानंतर ते आमच्याकडे कायमचे राहायला आले तेव्हा एक बॅग, एक रेडिओ आणि ही होडी एवढंच त्यांच्याबरोबर होतं. बॅग आणि रेडिओ घरात मावले. होडी तलावावर बांधली.

सासऱ्यांना घरात सगळे बाबा म्हणतात, मीही म्हणतो. बाबा उभा जन्म तार खात्यात होते. तारेत शब्दाला दाम पडतो. ती सवय त्यांच्या जिभेला अशी लागली की निवृत्त होऊन इतकी वर्षं झाली तरी ते प्रत्येक शब्द पदरमोड करून खर्चल्यासारखा खर्चतात. चहा घेणार का विचारलं तर "अर्धा." पाऊस येईल का विचारलं तर "छत्री." आमचं लग्न ठरलं त्या दिवशी मला बाजूला घेऊन ते एवढंच म्हणाले, "सांभाळा." त्यांच्या मुलीला सांभाळायचं की मी स्वतः सांभाळून राहायचं, हे मला अजून नीटसं कळलेलं नाही. खबरदारी म्हणून मी दोन्ही करत आलो आहे.

दर रविवारी सकाळी आम्ही दोघं तलावावर जायचो. पूर्वी होडी बाबाच हाकायचे. पण खांदा दुखावल्यापासून डॉक्टरांनी दोरी ओढायला सक्त मनाई केली, आणि बायकोने त्या मनाईला आपली पुरवणी जोडली, की बाबांनी इंजिनाला हातच लावायचा नाही. तेव्हापासून मी मागे इंजिनाशी आणि बाबा पुढे, माझ्याकडे पाठ करून. "डावीकडे." "हळू." "बास." अशी आमची बातचीत चालायची. ऐकणाऱ्याला ती कोरडी वाटेल, पण सासरा आणि जावई यांच्यात एवढं बोलणं होतं म्हणजे पुष्कळच झालं.

इंजिन गेलं आणि बाबांचं इथून मनच उडालं. पुढच्या रविवारी ते एकटेच तलावावर गेले आणि बांधलेल्या होडीत बसून परत आले. त्याच्या पुढच्या रविवारी गेलेही नाहीत. नेमका तेव्हाच माझ्या मेहुण्याचा फोन आला. तो लांबच्या शहरात असतो आणि दर वर्षी बाबांना "आता इकडेच या, कायमचे" असं म्हणतो. बाबा दर वर्षी "नको" म्हणतात. या वेळी ते म्हणाले, "बघू."

बायको स्वयंपाकघरात भांडी घासत होती. तिने नळ बंद केला. "ऐकलंत?" ती म्हणाली. "बघू म्हणाले."

"बघू म्हणजे काही हो नव्हे," मी म्हटलं.

"त्यांचं बघू म्हणजे हो. मी त्यांची मुलगी आहे, मला माहीत आहे. दादा महिनाअखेरचं तिकीट काढणार. त्याच्या आत ती होडी हलली पाहिजे." मग तिने नळ पुन्हा सोडला, गरजेपेक्षा बराच जोरात, आणि माझ्याकडे पाठ केली. तिला रडताना कोणी पाहिलेलं आवडत नाही.

बाबांचं पहाटेचं खाकरणं, रेडिओवरच्या त्याच त्या बातम्या, न्हाणीघरात त्यांचं तासन्‌तास रमणं, यांबद्दल मी वर्षानुवर्षं कुरकुर केली आहे आणि पुढेही करायचा माझा विचार होता. पण हा माणूस घरातून जाणार म्हटल्यावर ती कुरकुर मलाच आठवेना. मला बाबा हवे होते. त्यामुळे इंजिन निवडण्याचं काम मी अत्यंत गांभीर्याने अंगावर घेतलं, आणि माझं गांभीर्य आजवर कोणाच्याच फायद्याचं ठरलेलं नाही.

इंजिन बाबांच्या पसंतीचं हवं, तर विचारायला बाबांनाच हवं. रात्री जेवताना मी विषय काढला. "बाबा, नवीन इंजिन बघतोय. कसं घेऊ?"

बाबांनी घास चावला. पाणी प्यायले. मिशा पुसल्या. मग म्हणाले, "हलकं नको."

दोनच शब्द, पण बाबांच्या हिशेबात ते भाषण होतं. त्यांना या विषयात रस आहे हे बघून बायकोने मला टेबलाखालून पायाने खूण केली. मीही जास्त खोदून विचारलं नाही. मोठ्या माणसाने एकदा स्पष्ट सांगितल्यावर त्याचा अर्थ विचारणं बरं दिसत नाही.

दुसऱ्या दिवशी शेजारचे अनुभवी आले. हे काही त्यांचं नाव नव्हे. प्रत्येक वाक्याच्या आधी ते "माझा अनुभव सांगतो" म्हणतात, म्हणून गल्लीने त्यांना ही पदवी दिली आहे. अनुभव नेहमी त्यांच्या साडूचा असतो, हा भाग वेगळा.

"किती घोडे?" त्यांनी बसायच्या आधीच विचारलं.

इंजिनाची ताकद घोड्यांत मोजतात हे मला माहीत होतं, पण कुटुंबाच्या होडीला किती घोडे पुरतात याचा मी कधी विचार केला नव्हता. "दोन?" मी म्हटलं.

"माझा अनुभव सांगतो. साडूने दोन घेतले. वारा उलटा आला तर होडी जागच्या जागी. दोन घोडे एका बाजूला आणि वारा एका बाजूला. शेवटी साडू वल्हं मारत परत आला. तुम्ही आठाच्या खाली येऊ नका."

"आठ घोडे या एवढ्याशा होडीला?" बायको म्हणाली.

"वहिनी, घोडे जास्त असले म्हणून सगळे पळवलेच पाहिजेत असं नाही. काही बांधून ठेवायचे." समोरचे दातांचे डॉक्टर गच्चीवरून ऐकत होते. ते म्हणाले की घोडे महत्त्वाचे नाहीत, आवाज महत्त्वाचा. त्यांच्या धंद्यात आवाजालाच लोक घाबरतात, म्हणून तसं म्हणाले असतील. सगळ्यांचं ऐकून घेतल्यावर मी हळूच बाबांचा निकाल जाहीर केला, की हलकं नको. अनुभवींनी मान डोलावली. "बरोबर आहे. माझाही तोच अनुभव आहे. वजन हवं." हा साडूचा अनुभव होता की त्यांचा, ते त्यांनी सांगितलं नाही. पण दुजोरा मिळाला आणि मी निर्धास्त झालो.

दुकान मोठं होतं. भिंतीला ओळीने इंजिनं टांगली होती, पंखा खाली आणि डोकं वर, आणि प्रत्येकाच्या गळ्यात किमतीची चिठ्ठी. विक्रेता टाय लावलेला होता. त्याने विचारलं, "सर, वापर काय? मासेमारी, पर्यटन की शर्यत?"

"रविवार," मी म्हटलं. बाबांच्या सहवासाने मलाही थोडं ते वळण लागलं आहे.

त्याने एक छोटं इंजिन भिंतीवरून काढलं आणि माझ्या हातात दिलं. "एका हाताने उचला. बघा, जाणवतं तरी का? हल्ली सगळे हलकंच मागतात."

मी ते लगेच परत दिलं. "आम्हाला हलकं नको."

"मग हे मधलं बघा."

"मधलं म्हणजे अर्धं हलकंच की," मी म्हटलं. त्याने माझ्याकडे नव्याने, जरा आदराने पाहिलं. दुकानदाराने आदराने पाहिलं की मध्यमवर्गीय माणसाचा तोल जातो, हा माझा स्वतःचा अनुभव आहे, साडूचा नव्हे. आतल्या गोदामातून दोन माणसांनी ढकलगाडीवरून एक इंजिन बाहेर आणलं. ते थांबवताना ढकलगाडीनेच सुस्कारा सोडला. त्याला दोरी नव्हती, बटण होतं, आणि बटणासाठी वेगळी बॅटरी होती. तीही त्याच अंगाची होती.

"होडी केवढी आहे सर?" विक्रेत्याने विचारलं.

मी दोन्ही हात पसरून होडी दाखवली. हात कुठे थांबवायचे हे अशा वेळी आपल्या हातात राहत नाही. बायकोने माझ्या कोपराला चिमटा काढला, पण तोवर माझी होडी बरीच लांब गेली होती. विक्रेता म्हणाला की मग काळजीच नाही. टेंपो त्याच संध्याकाळी आमच्या दारात उभा राहिला.

इंजिन धक्क्यावर न्यायला परवानगी लागते हे तेव्हा कळलं, म्हणून ते तात्पुरतं आमच्या बैठकीत आलं. ते उभं राहीना, म्हणून कोचावर आडवं केलं आणि खाली चादर घातली. लांबून बघणाऱ्याला घरात कोणी आजारी आहे असं वाटलं असतं. बाबा आपल्या खोलीतून बाहेर आले. त्यांनी इंजिनाभोवती एक फेरी मारली. कोचाच्या वाकलेल्या पायाकडे पाहिलं.

"जड," ते म्हणाले.

"हो बाबा," मी अभिमानाने म्हणालो. "तुम्हीच म्हणालात ना, हलकं नको."

बाबांनी इंजिनाखालच्या चादरीचं टोक सरळ केलं. मग त्यांनी एक जास्तीचा शब्द खर्च केला. "हलकं म्हणजे कमअस्सल."

बायकोने तोंडाला पदर लावला. ती हसत होती की काय, ते मी बघितलं नाही.

आता मी तटस्थपणे विचारतो, यात माझी चूक काय? चूक असलीच तर भाषेची आहे. पीस हलकं असतं आणि दुकानातलं कापडही हलकं असतं, पण पिसाला कोणी नावं ठेवत नाही. हात हलका असणं चांगलं, कान हलके असणं वाईट. मन हलकं करावं, पण बोलणं हलकं असू नये. एवढ्याशा शब्दावर एवढी कामं लादल्यावर तो वेळप्रसंगी दगा देणारच. हे सगळं मी बाबांना समजावून सांगितलं. त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं आणि "परत?" असं विचारलं. मी दुकानात फोन केला. एकदा पेटी फोडली की माल परत घेत नाही, असं विक्रेता म्हणाला. त्याच्या आवाजातला आदर नाहीसा झाला होता.

त्या रात्री बाबांनी पलंगाखालची बॅग काढून तिच्यावरची धूळ पुसली. आम्ही दोघांनी ते पाहिलं आणि पाहिलं नाही असं दाखवलं.

सकाळी मी तलाव कार्यालयात गेलो. तलावावर काहीही तरंगायचं असेल तर ते आधी तिथल्या बाईंच्या टेबलावरून तरंगत जावं लागतं. बाई विणकाम करत होत्या. त्यांनी टाका पुरा केला आणि माझं म्हणणं ऐकलं.

"तुमच्या होडीला एक इंजिन मंजूर आहे," त्या म्हणाल्या. "ते असताना दुसरं कसं देणार?"

"अहो, ते गेलं."

"चोरीला?"

"नाही. बंद पडलं. आम्ही ते काढणार आहोत."

"काढणार आहात ना. काढलेलं कुठे आहे? ते दाखवायला हवं."

मी दुपारी जुनं इंजिन खांद्यावर घेऊन दोन जिने चढून गेलो. वाटेत भेटलेल्या प्रत्येकाने मला वाट दिली आणि प्रत्येकाच्या चेहऱ्यावर सहानुभूती होती. बाईंच्या टेबलापुढे मी ते खाली ठेवलं. त्यातून तेलाचा एक ओघळ निघाला आणि शांतपणे त्यांच्या लोकरीच्या गुंड्याकडे गेला.

"हे इथे कशाला आणलंत?" बाई पाय वर घेत म्हणाल्या. "फोटो चालला असता."

मी रागाने काही बोललो नाही. माणसाच्या खांद्याचे जे हाल होतात ते झालेच होते, त्यात तोंडाची भर नको. बाईंनी गुंडा पुसला, कागदावर शिक्का मारला आणि सांगितलं की आता निरीक्षक येऊन होडी पाहतील. त्यांनी होकार दिला की झालं. "शनिवारी येतील," त्या म्हणाल्या. मेहुण्याने बाबांचं तिकीट सोमवारचं काढलं होतं.

शनिवारी सगळी गल्ली धक्क्यावर जमली. कोणी बोलावलं नव्हतं. अनुभवी तर स्वतःची खुर्ची घेऊन आले. मेस्त्रीने नवीन इंजिन मागच्या फळीला आवळलं, बॅटरी शेजारी ठेवली आणि "एकदम फर्स्टक्लास" असं म्हणून तो होडीतून उतरला. तो उतरल्यावरही होडीची मागची बाजू वर आली नाही.

मग मी बसलो, मागे, इंजिनाशी, माझ्या नेहमीच्या जागी. माझी प्रकृती भरदार आहे. बायको वेगळा शब्द वापरते. मी बसताच मागच्या फळीला पाणी लागलं आणि पुढचं टोक आभाळाकडे वळलं. बाबा पुढे बसले होते. बसले होते म्हणजे वर गेले होते. मी खाली तळात आणि बाबा माझ्या डोक्याच्याही वर, गॅलरीत बसल्यासारखे, दोन्ही हातांनी काठ धरून. त्यांना समोर पाणी दिसतच नव्हतं. तरी सवयीने ते म्हणाले, "डावीकडे."

निरीक्षक बारीक अंगाचे, सौम्य गृहस्थ होते. पोहता येत नसल्याने ते कुठल्याच होडीत पाय ठेवत नाहीत, सगळं निरीक्षण काठावरून करतात. "होडी बुडते आहे का?" त्यांनी विचारलं.

"नाही, ती अशीच बसते," मी म्हटलं.

"अशी बसून चालणार नाही. समतोल दाखवा, नाहीतर मला नाही म्हणावं लागेल."

मग समतोलाचे प्रयत्न सुरू झाले. बायकोने घरून कुंड्या आणवल्या आणि त्या पुढे रचल्या. पुढचं टोक वीतभर खाली आलं. दातांच्या डॉक्टरांनी वाळूची पिशवी दिली. आणखी चार बोटं. अनुभवींनी साडूचा अनुभव सांगत स्वतःच पुढे बसून पाहिलं, तेव्हा होडी जवळजवळ सरळ झाली, पण बाबांना बसायला जागा उरली नाही आणि अनुभवी दर रविवारी पहाटे उठायला तयार नव्हते. कोणीतरी बायकोला म्हणालं, "वहिनी, तुम्ही बसून बघा ना, वजनाला." तिने त्या दिशेला अशी मान वळवली की त्याने पुन्हा तोंड उघडलं नाही.

निरीक्षक घड्याळाकडे बघू लागले. मी बाबांकडे पाहिलं. ते कुंड्यांच्या मधोमध, गुडघे छातीशी घेऊन, अगदी निमूट बसले होते. सोमवारच्या गाडीत ते असेच बसतील असं मला वाटलं, आणि मग मला बसवेना. एखादी कुंडी आणखी पुढे सरकवावी म्हणून मी उठलो आणि पुढे निघालो.

होडीत दोन माणसांना एकमेकांना ओलांडून जाता येत नाही. मी मध्यावर पोचलो तेव्हा होडी अशी डुलली की बाबाही उठून उभे राहिले, आणि पडू नये म्हणून आम्ही एकमेकांना धरलं. धरलं म्हणजे मिठीच मारली. इतक्या वर्षांत आमच्यात वाकून नमस्कार झाले होते, हात हलवणं झालं होतं, मिठी कधी झाली नव्हती. शर्टाच्या आत बाबा केवढेसे राहिले होते. माझ्या हातांना नुसती हाडं लागली. काठावर गल्ली बघत होती, तरी मी लगेच सोडलं नाही. बाबांनीही सोडलं नाही. मग आम्ही तसेच, एकमेकांना धरून, पाऊल पाऊल करत अर्धं वर्तुळ फिरलो, आणि मी पुढे आलो आणि बाबा मागे गेले.

मी पुढच्या फळीवर बसलो. बाबा इंजिनाशी बसले. होडी सरळ झाली. तसूभर इकडे नाही की तिकडे नाही.

मग बायकोचा आवाज आला, "बाबा, इंजिनाला हात लावायचा नाही हं."

बाबांनी इंजिनाकडे पाहिलं, वरून खालपर्यंत. "दोरी नाही," ते म्हणाले, आणि बटण दाबलं.

होडी निघाली. कुंड्यांसकट, वाळूसकट, माझ्यासकट. आणि माझ्या पाठीमागून बाबा बोलू लागले. "सरळ बसा. उजवीकडे झुकू नका, तुम्ही झुकलात की सगळी होडी झुकते. मान जरा खाली घ्या, मला समोरचं दिसत नाही. तो बगळा बघा, नाही, बघू नका, हलू नका. पूर्वी मी तुमच्या सासूबाईंना याच होडीतून फिरवायचो, तीही अशीच मध्ये मध्ये मान वर करायची." एवढी वाक्यं मी त्यांच्या तोंडून आयुष्यात ऐकली नव्हती. मी मान खाली घातली आणि ती वर केली नाही. डोळे पुसायलाही ते सोयीचं होतं.

सोमवारी सकाळी मी परवानगी आणायला गेलो. रांग मोठी होती. बाईंनी निरीक्षकांचा शेरा मोठ्याने वाचला, "समतोल समाधानकारक. अट, जड व्यक्तीने पुढे बसणे बंधनकारक." मग चष्म्यावरून रांगेकडे बघत विचारलं, "यातली जड व्यक्ती कोण?" मी हात वर केला. बाईंनी पडताळणी केल्यासारखं मला आपादमस्तक पाहिलं आणि शिक्का मारला.

परत आलो तेव्हा अनुभवी आमच्याकडे चहा पीत होते. ते बायकोला म्हणत होते, "माझा अनुभव सांगतो वहिनी. बाबांचं वय झालं. मागे कमी वजनाचं माणूस हवं एवढंच ना? मग तुम्ही बसा. यांना पुढे बसवा, तुम्ही बटण दाबा. बाबा जातील निश्चिंत."

"मला पाण्याची भीती वाटते," बायको म्हणाली.

कॉलेजात असताना तिने पोहण्यात मिळवलेले दोन कप त्यांच्या डोक्यामागच्या कपाटातच होते. मी कपाटापुढे जाऊन उभा राहिलो. अनुभवी म्हणाले की मग प्रश्नच मिटला, आणि चहा संपवून गेले.

तेवढ्यात फोन वाजला. मेहुणा होता. बाबांनीच उचलला. पलीकडून तो बराच वेळ बोलत होता, गाडीची वेळ, कोण घ्यायला येईल, कुठली खोली लावून ठेवली आहे. बाबांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "येत नाही. जावई अडलेत." आणि फोन ठेवून आपल्या खोलीत गेले.

मिनिटभरात माझा मोबाईल वाजला. "भाऊजी, काय झालं?" मेहुण्याचा आवाज घाबरा होता. "बाबा म्हणाले तुम्ही अडलात. तब्येतीचं काही आहे का? नोकरीचं? सांगा ना, संकोच करू नका. मी येऊ का?"

सांगण्यासारखं पुष्कळ होतं. मी एक धडधाकट, कमावता, चारचौघांत मान असलेला माणूस आहे आणि माझं कुठेही काहीही अडलेलं नाही, हे तर होतंच. शिवाय वाळूच्या आणखी दोन पिशव्या पुढे टाकल्या असत्या तरी काम भागलं असतं, हे मला शनिवारीच कळून चुकलं होतं. बायको स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून माझ्याकडे बघत होती. आतल्या खोलीतून बॅगेतले कपडे परत कपाटात ठेवल्याचा आवाज येत होता. मग तो आवाज थांबला. बाबा ऐकत होते.

"हो," मी जरा मोठ्याने म्हटलं. "अडलोय खरा. बाबांवाचून होडी हलत नाही."

"बरेच दिवस लागतील का?"

"लागतील," मी म्हटलं.